पाठमोरे सर

सर गेल्याचं मला मेलवर कळलं. ऑफिसनं सगळ्यांना एकदम पाठवलेला दोन ओळींचा मेल, वर इंग्रजीत ठरावीक मथळा, खाली अंत्यविधीची वेळ. आणि त्याच्याही खाली, काढायचं राहून गेलेलं, परीक्षा अर्जाची मुदत वाढवल्याचं जुनं निवेदन. मला रडू यायच्या आधी संताप आला. माणसानं उभा जन्म या कॉलेजात घालवला आणि त्याच्या मरणाची बातमी परीक्षा अर्जाला चिकटून आली. मग वाटलं, सरांनी हा मेल बघितला असता तर ते यातलं काहीच बोलले नसते. हे पाठवताना पासवर्ड कुणी टाकला, एवढंच त्यांनी विचारलं असतं.

सर आमच्याकडं सिस्टिमचं काम बघायचे. सर्व्हर, नेट, लॅबची मशिनं आणि पोरांचे मेल. मी तेव्हा तिथं तासिका तत्त्वावर शिकवत होते, म्हणजे दर जूनमध्ये पुन्हा घेतायत की नाही याची धाकधूक. त्या वर्षी कॉलेजनं मेलची जुनी व्यवस्था बंद करून नवी घ्यायचं ठरवलं. सगळ्या पोरांना जुन्यातून नव्यात न्यायचं काम सरांकडं आलं, आणि तास कमी आहेत म्हणून मला त्यांच्या मदतीला दिलं. मला आनंद झाला म्हणाल तर अजिबात नाही. सरांबरोबर काम करणं म्हणजे काय, हे सगळ्या स्टाफला ठाऊक होतं.

सर अक्कलकोटकडचे, घरी कानडी. मराठी चांगलं बोलायचे, पण वाक्याचा शेवट जरा ओढून. नकार मात्र ते कानडीतच द्यायचे. 'इल्ला.' दुसऱ्या कुणी नाही म्हटलं तर निदान समजूत घालायला जागा असते. सरांच्या इल्लात ती नसायची. ते म्हणून झालं की सर तुमच्याकडं बघायचंसुद्धा थांबवायचे आणि आपल्या कामाला लागायचे.

त्यांची मोठी खोड अशी, की कुणीही पासवर्ड टाकायला लागलं की सर त्याच्याकडं पाठ करायचे. नुसती मान वळवून भागायचं नाही. खुर्चीवरून उठायचे, भिंतीपाशी जायचे, हात मागं बांधून भिंतीकडं तोंड करून उभे राहायचे. समोरचा 'झालं सर' म्हणेपर्यंत तसेच. पोरांना पासवर्ड लवकर सुचायचा नाही. सुचला तर त्यात आकडा नसायचा, आकडा घातला तर दुसऱ्यांदा तसाच टाकता यायचा नाही. सर आपले भिंतीकडं. त्या भिंतीवर एका पतसंस्थेचं कॅलेंडर होतं. ते त्यांनी इतकं वाचलं होतं की पुढची संकष्टी कधी आहे हे ऑफिसातल्या बायका त्यांनाच विचारायला यायच्या. पोरांनी त्यांचं नाव पाठमोरे सर ठेवलं होतं. एकदा पहिल्या वर्षाच्या एका पोरानं दारातून त्यांनाच विचारलं, पाठमोरे सर आहेत का म्हणून. सर म्हणाले, आहेत, चप्पल काढून ये.

चपलेचंही तसंच. एसी असलेली सर्व्हरची खोली कधीच दुसऱ्या इमारतीत गेली होती. लॅबमध्ये उरली होती साधी मशिनं, पंख्याखाली, आणि उघड्या खिडकीतून सोलापूरची धूळ वर्षभर आत येत होती. तरी चप्पल बाहेर. व्हरांड्यात चपलांचा असा ढीग पडायचा की पोरं निघताना दुसऱ्याची घालून जायची. मी सरांना म्हटलं, आता कशाला हे? ते म्हणाले, चप्पल काढली की माणूस जरा हळू होतो.

शेजारच्या एका कॉलेजात हेच मेलचं काम चुटकीसरशी झालं होतं. सगळ्यांना एकाच नमुन्याचा पासवर्ड, पुढं जन्मतारीख, आणि यादी नोटीस बोर्डावर. आमच्या प्रिन्सिपॉलसाहेबांनीही तेच सुचवलं. सर म्हणाले, इल्ला. पोरगं स्वतः येईल, स्वतःच्या बोटानं करेल. साहेबांनी मुदतीची आठवण करून दिली. सर म्हणाले, मुदतीत होईल. झालं नाही तर माझं नाव सांगा. साहेबांचं पित्त खवळलं होतं, पण सरांच्या वाटेला जायची त्यांची तयारी नव्हती. त्यांचाही एक अनुभव होता. साहेब स्वतःचा पासवर्ड शिपायाकडून टाकून घ्यायचे. नव्या मेलच्या वेळी सरांनी शिपायाला केबिनबाहेर काढलं आणि स्वतः साहेबांच्या भिंतीकडं तोंड करून उभे राहिले. साहेब एका बोटानं एकेक अक्षर शोधत होते. बाहेर भेटायला आलेले लोक ताटकळले होते. दार उघडलं तर साहेब घामाघूम, आणि सर संस्थापकांच्या फोटोसमोर हात मागं बांधून उभे. लोकांना वाटलं, श्रद्धांजली चालू आहे.

तर एकेक पोरगं लॅबमध्ये यायला लागलं, आणि मग आमच्या नाकी नऊ आले. नव्या मेलमध्ये जायचं तर आधी जुना उघडायला हवा. जुना उघडायचा तर ओटीपी लागतो. आणि ओटीपी जातो प्रवेशाच्या वेळी फॉर्मवर लिहिलेल्या नंबरवर. आता फॉर्म कुणी भरला होता? पोरांनी नाही. तालुक्याच्या स्टँडजवळच्या कॅफेवाल्यानं. त्यानं कुणाला बापाचा नंबर टाकलेला, कुणाला चुलत्याचा, आणि घाई असेल तेव्हा सरळ स्वतःचा. मेल काढून दिला तोही त्यानंच, पासवर्डही त्यानंच ठरवलेला, आणि पोरं तीन वर्षं त्याच्यावर खूश. पासवर्ड विसरला की त्याला फोन करायचा, तो सांगतो. ही सोय कुणाला वावगी वाटत नव्हती. मलाही वाटत नव्हती, खरं सांगते.

सरांना ती सहन व्हायची नाही. खुर्चीत बसलेल्या पोराला ते पहिला प्रश्न विचारायचे, 'पेटी कुणाची?' मेलला ते पेटीच म्हणायचे. पोरगं गोंधळून म्हणायचं, माझीच की सर. मग किल्ली कुणाकडं आहे? कॅफेवाल्या मामांकडं. यावर सर नुसते बघायचे, आणि पोरगं आपोआप खाली मान घालायचं. मग फोनाफोनी सुरू व्हायची. सगळ्या व्हरांड्यात पोरं कानाला फोन लावून उभी. पप्पा, एक नंबर आलाय बघा. पप्पा रानात, फोन घरी. एकीची आजी फोनवर होती, तिला अक्षरओळख नव्हती. ती आकडे सांगत होती, एक काठी हाय, मग दोन गोळे एकावर एक, मग परत काठी. पोरगी इकडं लिहून घेत होती. तिचा मेल उघडला तेव्हा पूर्ण व्हरांड्यानं टाळ्या वाजवल्या. सरांनी पोरीला आजींना आपला नमस्कार सांगायला लावला, आणि लगेच पोरीला म्हणाले, आता हा नंबर काढ आणि तुझा घाल.

एक मात्र सांगते, सर काही संत नव्हते. हट्टी होते, फटकळ होते, आणि त्यांच्या हट्टापायी लोकांचे हाल व्हायचे. आमच्या विभागातले एकजण नोकरी सोडून गेले. त्यांच्या मेलमध्ये परीक्षेचे महत्त्वाचे कागद अडकले होते. सरांना ते एका मिनिटात काढता आले असते. त्यांनी त्या माणसाचा नवा पत्ता हुडकला, त्याला गावाहून बोलावून घेतलं आणि त्याच्याकडून मेल उघडून घेतला. तोपर्यंत निकाल अडला. पोरं शिव्या देत होती, आम्हीही देत होतो. दुसऱ्याची पेटी उघडणं त्यांना जमायचंच नाही, कारण काहीही असो.

हे कुठून आलं, ते मला एकदाच कळलं. सर कॅन्टीनला यायचे नाहीत. डब्यात कडक भाकरी आणि शेंगाची चटणी, रोज तेच. भाकरी मोडल्याचा आवाज लॅबभर व्हायचा, पोरं गालात हसायची. एका दुपारी लाइट गेली होती, काम बंद होतं, आणि सर आपणहून बोलायला लागले. त्यांचे अप्पा, म्हणजे वडील, पोस्टमन होते. गावात वाचता येणारी माणसं कमी, त्यामुळं पत्र द्यायचं आणि उंबऱ्यावर बसून वाचूनही दाखवायचं. कुणाचा मुलगा मिलमधून काय लिहितो, कुणाची मुलगी सासरी का रडते, सगळं अप्पांच्या तोंडून त्या घराला कळायचं. घरी आले की सरांची आई मागं लागायची, काय लिहिलंय हो तिच्या पोरीनं? अप्पा म्हणायचे, कुणाच्या पोरीनं? आई चिडायची, एकेकदा जेवायला वाढायची नाही. पण अप्पांनी जन्मात कधी एक शब्द बाहेर काढला नाही. एवढं सांगून सरांनी डबा बंद केला आणि मला विचारलं, कॉमर्सची किती पोरं राहिली?

आता त्या मुलीचं सांगते. सरांचं नाव निघालं की मला तीच आठवते.

एमएस्सीच्या शेवटच्या वर्षाची, रसायनशास्त्राची. घर करमाळ्याकडं, पण वडील कुर्डुवाडीला रेल्वेच्या वर्कशॉपमध्ये होते. मुलगी इथं हॉस्टेलला. तिनं कुणालाही न सांगता बंगळूरच्या एका संशोधन संस्थेत अर्ज केला होता. परीक्षा दिली, मुलाखतही हॉस्टेलच्या जिन्यात बसून मोबाइलवर दिली. त्यांच्या साइटवर यादी लागली त्यात तिचा नंबर होता. पण होकार द्यायचा तो मेलमधल्या पत्रावरूनच, शुक्रवारी संध्याकाळच्या आत, आणि पत्र कॉलेजच्या जुन्या मेलवर आलेलं. मधे तिचा मोबाइल पडून फुटला. नव्यावर जुना मेल उघडेना. पासवर्ड कॅफेवाल्याकडून मिळाला, पण ओटीपी जात होता वडिलांच्या नंबरवर.

तिनं वडिलांना फोन लावला होता. कशाला पाहिजे ते न सांगता नुसतं म्हणाली, पप्पा, एक नंबर आलाय तो सांगा. वडील म्हणाले, सांगणार नाही. बँकेनं सांगितलंय, ओटीपी कुणालाही द्यायचा नाही, घरच्यांनाही नाही. तिच्या वडिलांच्या बरोबरच्या एका माणसाला असंच कुणीतरी फसवलं होतं. ती म्हणाली, अहो पप्पा, मी तुमची पोरगी आहे. तर ते म्हणाले, आवाज काढणारे पण असत्यात. आणि फोन ठेवला.

हे ऐकून सर हसले. सरांना हसताना मी तेव्हा पहिल्यांदा बघितलं. म्हणाले, बाप हुशार आहे तुझा, मीही दिला नसता. मुलीला काही हसू आलं नाही.

दुसरा रस्ता सरांच्या हातात होता. आयकार्ड बघायचं, सही घ्यायची, आणि ऑफिसच्या बाजूनं नंबर बदलून मुलीचा घालायचा. तो तिचा हक्कच होता, बऱ्याच पोरांचं तसं केलं होतं. फक्त नंबर बदलला की जुन्या नंबरला एक मेसेज जायचा, की या खात्यावरून तुमचा नंबर काढला आहे. मराठीतच जायचा. मुलगी म्हणाली, तेवढा मेसेज जाऊ देऊ नका सर. घरी कळलं तर संपलं सगळं. तिच्या थोरल्या चुलत बहिणीला पुण्याहून शिक्षण अर्धं टाकून परत आणलं होतं. हिला हॉस्टेलला घालताना चुलते वडिलांशी भांडले होते, आणि वडील तिला म्हणाले होते, एवढं केलं, आता पुढं काही मागू नको.

मेसेज थांबवता येत होता. पडद्यावर 'जुन्या नंबरला कळवा' असा चौकोन होता, त्यात आधीच खूण असायची. ती काढली की झालं. मला दिसत होतं, सरांना दिसत होतं. मी सरांच्या शेजारीच बसले होते, माझा हात माउसपाशी होता.

सर म्हणाले, 'इल्ला.'

मी भडकले. मुलीला बाहेर बसायला सांगितलं आणि सरांना म्हटलं, हे जरा अति होतंय. नियम तुमचा, आयुष्य तिचं. एका खुणेसाठी पोरीचं वाटोळं करणार आहात का? त्या बापाला कळलं तर तो तिला उद्या घेऊन जाईल, आणि तुम्ही भिंतीकडं बघत उभे राहाल. मी बरंच बोलले, वयाचाही मान ठेवला नाही. सरांनी ऐकून घेतलं. मग म्हणाले, 'मॅडम, आज मी तिच्यासाठी तिच्या बापापासून लपवलं, तर उद्या बापासाठी तिच्यापासून लपवायला मला कोण अडवणार?'

माझा राग आणखीच वाढला. त्या दुपारी मी त्यांच्याशी बोलले नाही.

मुलगी मधल्या सुट्टीत व्हरांड्यातल्या बाकावर बसून होती. मैत्रिणी बोलवायला आल्या, गेली नाही. दुसऱ्या दिवशी, म्हणजे शुक्रवारीच, ती लॅब उघडायच्या वेळी दारात हजर. डोळे सुजलेले. चप्पल काढून आत आली आणि म्हणाली, सर, करा. खूण राहू दे.

सरांनी आयकार्ड बघितलं, सही घेतली, नंबर बदलला. मेसेज गेला. मग ते उठून भिंतीपाशी गेले आणि मुलीनं नवा पासवर्ड टाकला. पेटी उघडली. पत्र होतं, वरूनच तिसरं-चौथं. तिनं ते वाचलं. खाली एक बटण होतं, प्रवेश स्वीकारत आहे, अशा अर्थाचं. तिनं ते दाबलं नाही. हात मांडीवर ठेवून नुसती बसून राहिली. तिचा फोन थरथरायला लागला, तिनं तो पालथा घातला. पुन्हा थरथरला, पुन्हा तसाच राहिला. सर म्हणाले, बस तू, मशीन संध्याकाळपर्यंत तुझंच आहे. आणि ते बाकीच्या पोरांकडं वळले. दाब म्हणाले नाहीत, की दाबू नको म्हणाले नाहीत.

दुपार कलल्यावर वडील आले. वर्कशॉपच्या कपड्यांवरच, तेलाचे डाग तसेच, मिळेल ती गाडी पकडून, ऑफिसात विचारत विचारत. दारात उभे राहून दम खात म्हणाले, माझ्या पोरीचं खातं कुणीतरी चोरलंय. मेसेज आलाय. पोरगी फोन उचलत न्हाय. ती हाय का हितं? मुलगी उठून उभी राहिली. तिला बघितल्यावर त्यांनी दाराची चौकट धरली. ते पोरीवर उखडून आलेच नव्हते. तिला कुणीतरी लुबाडलं असं समजून ते धावत आले होते.

सर म्हणाले, बूट काढून आत या. मला वाटलं, आता तरी राहू द्या की. पण ते बिचारे वाकले आणि बुटाच्या नाड्या सोडायला लागले. नाडी सुटत नव्हती, वेळ लागला. आत येईपर्यंत श्वास जाग्यावर आला होता.

सर म्हणाले, कुणी चोरलेलं नाही. नंबर मी काढला. तिनं सांगितलं म्हणून काढला. पेटी तिची आहे.

वडिलांना आधी राग आला. तुमी कोण काडणारे, असं म्हणालेही. मग खुर्चीवर बसले आणि त्यांनी खिशातून फोन काढून सरांपुढं धरला. कॅफेवाल्यानं प्रवेशाच्या वेळी मेल त्यांच्या फोनवरही चालू करून दिला होता. पासवर्ड बदलल्यावर तो आता बंद झाला होता.

'साहेब, मला इंग्रजी येत न्हाय. म्या त्यातलं एक अक्षर कदी उघडून बगितलं न्हाय. पन हे टिंग करून वाजायचं, की मला कळायचं, पोरीचं काय तरी आलंय, पोरगी चांगली हाय. ती फोनवर दोन सबदाच्या वर बोलत न्हाय. दिसभर मशीन चालू असतं, तरी मला ते वाजल्यालं ऐकू यायचं. आता वाजनार न्हाय का?'

'नाही,' सर म्हणाले.

मला वाटलं, सर काहीतरी पुढं बोलतील, धीराचं. त्यांनी लॅबमधल्या पोरांना हातानं बाहेर जायची खूण केली आणि वडिलांना म्हणाले, तुम्हाला काय विचारायचं ते तिला विचारा. मग स्वतः बाहेर गेले, उन्हात, चपलांच्या ढिगापलीकडं. मलाही त्यांनी खूण केली होती. मी गेले नाही. कोपऱ्यातल्या मशीनवर काहीतरी करतेय असं दाखवत बसले. मुलीला एकटं सोडणं माझ्या जिवावर आलं होतं.

मुलगी उभ्यानंच म्हणाली, पप्पा, माझं बंगळूरला झालंय. संशोधनाला. आज संध्याकाळपर्यंत हो म्हणायचंय.

वडिलांनी पडद्याकडं बघितलं. मग त्यांनी विचारलं, तितं आपलं कुणी हाय का? ती म्हणाली, नाही. त्यांनी विचारलं, हे पत्र कवा आलं? ती म्हणाली, गेल्या आठवड्यात. त्यांनी हातातल्या फोनकडं बघितलं.

'म्हंजे माझ्या खिशात हुतं की गं,' ते म्हणाले.

मुलगी रडेल असं मला वाटलं. ती रडली नाही. खुर्ची पुढं ओढून बसली. त्यांनी विचारलं, तुला जायाचंय? ती म्हणाली, व्हय. मग माझ्याकडं काय बगतीस, म्हणाले. तिनं बटण दाबलं. पडद्यावर इंग्रजीत एक ओळ आली, ती तिनं त्यांना मराठीत करून सांगितली, की तुमचा होकार मिळाला आहे. त्यांनी मान हलवली आणि टोपी काढून तोंडावर धरली. बराच वेळ धरली. खांदे हलत होते. मुलीनं त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवला.

टोपी तोंडावरून बाजूला केल्यावर ते म्हणाले, 'घरी मी सांगतो. चुलत्यांनी इचारलं तर तू घाबरू नगंस. म्हन, मी दाबलं तवा पप्पा हितंच हुते.'

मग दोघं बाहेर गेली. सरांसमोरून जाताना वडील थांबले, हात जोडले. सरांनीही जोडले. बूट घालायला वेळ लागला, कारण मुलगीच खाली बसून नाड्या बांधत होती आणि ते नको नको म्हणत होते. परतीची गाडी गाठायची होती, म्हणून ती त्यांना सोडायला स्टेशनकडं गेली.

सर आत आले. मला काय सांगू नि काय नको असं झालं होतं. माझा कालचा राग कुठल्या कुठं गेला होता. मी म्हटलं, सर, अहो काय झालं माहितीये का. सरांनी हात वर केला.

'नको मॅडम. मला सांगू नका.'

मी म्हटलं, अहो पण तुम्हाला कळायला नको का? तुमच्यामुळंच तर झालं सगळं. सर मुलीच्या मशीनपाशी गेले. ती घाईत मेल बंद करायची विसरली होती. पडद्याकडं न बघता, चाचपडत, त्यांनी बटण दाबून मशीन बंद केलं. तसेच पाठमोरे उभे राहिले. मग, त्यांच्या बरोबर काम केलेल्या एवढ्या दिवसांत कधी नव्हे ते, त्यांनी मला दुसऱ्याच्या गोष्टीबद्दल एक प्रश्न विचारला.

'पोरगी रडत होती का?'

'नाही सर,' मी म्हटलं. 'बाप रडत होता.'

सर खुर्चीत बसले. त्यांनी चष्मा काढला, पुसला, आणि हातातच धरून ठेवला. व्हरांड्यात पोरं केव्हाची उभी होती, दारातून डोकावत होती, आमचा नंबर कधी येणार म्हणून विचारत होती. सरांनी पुढच्याला आत बोलावलं नाही. मी जरा वेळ वाट बघितली. मग उठले, दाराशी गेले आणि पुढच्या पोराला हाक मारली.